ब्लू नोटची तबकडी वाचायची कशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामांच्या संग्रहातून ड्रमवादक आर्ट ब्लेकी आणि त्याच्या जॅझ मेसेंजर्स या वाद्यवृंदाची, ब्लू नोट या अमेरिकन जॅझ कंपनीची एक एलपी तुमच्याकडे आली आहे. नंबर बीएलपी ४००३, लेबलवर ‘४७ वेस्ट ६३’ असा न्यूयॉर्कचा पत्ता. वाजवणं संपून सुई लेबलकडे सरकते त्या मोकळ्या पट्टीत ‘आरव्हीजी’ ही अक्षरं आणि कानासारखी दिसणारी एक खूण. तिच्यातलं संगीत कधी वाजवलं गेलं, ते ध्वनिमुद्रण खरंच कुणाच्या राहत्या घरी झालं का, आणि याच कंपनीचं १९६० सालचं काही संगीत पहिल्यांदा १९८० नंतर बाहेर आलं असं कसं, हे तुम्हाला हवंय.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच देतो. तारीख ३० ऑक्टोबर १९५८. ठिकाण हॅकेन्सॅक, न्यू जर्सी. आणि हो, घरच होतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र सगळी कंपनी समजून घेतल्याशिवाय नीट देता येत नाही, म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

मी सत्तावीस वर्षं जुन्या तबकड्यांवरचा आवाज उतरवून घेण्याचं काम करतो. बहुतेक काम आपल्याकडच्या ७८च्या तबकड्यांचं, पण मधूनमधून अशी एखादी अमेरिकन पेटी येते. लोकांची एक गफलत नेहमी दिसते. ते कव्हरवरचा नंबर आणि प्रकाशनाचं साल धरून चालतात. प्रत्यक्षात एका तबकडीला तीन तारखा असतात: वादक माइकसमोर बसले तो दिवस, रेकॉर्ड दुकानात आली तो दिवस, आणि तुमच्या हातातली प्रत कारखान्यात छापली गेली तो दिवस. ब्लू नोटच्या बाबतीत पहिल्या दोन तारखांमध्ये कधी दोन महिने जातात, तर कधी वीस-पंचवीस वर्षं. संगीत कसं घडत गेलं हे कळायला हवं असेल तर पहिलीच तारीख धरायची. नंबरांच्या क्रमाने ऐकाल तर कंपनीने काय विकलं एवढंच कळेल.

आता कंपनीकडे येतो. आल्फ्रेड लायन मूळचा बर्लिनचा, जन्म १९०८चा. शाळकरी वयात त्याने तिथे सॅम वुडिंगचा जॅझ ऑर्केस्ट्रा ऐकला आणि ते वेड जन्मभर उतरलं नाही. २३ डिसेंबर १९३८ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कृष्णवर्णीय संगीताची एक मोठी मैफल झाली. तिथे अल्बर्ट अमन्स आणि मीड लक्स लुइस या दोन पियानोवादकांचं बूगी-वूगी त्याने ऐकलं. दोनच आठवड्यांत, ६ जानेवारी १९३९ला, लायनने स्टुडिओ भाड्याने घेतला आणि दोघांना पियानोपाशी बसवलं. पैशाला हातभार मॅक्स मार्गुलिस या लेखकाचा. त्या एका दिवसात एकोणीस टेक (एका दमात वाजवून टिपलेले तुकडे) झाले: अमन्सचे नऊ, लुइसचे आठ आणि दोघांनी मिळून वाजवलेले दोन. ब्लू नोट कंपनी म्हणजे सुरुवातीला एवढंच होतं.

लायनने हे संगीत दहाऐवजी बारा इंची तबकडीवर काढलं, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ७८च्या दहा इंची तबकडीत तीन-सव्वातीन मिनिटं मावतात. आपल्याकडची नाट्यपदं त्या मापात कशी आवळून गायली गेली, हे जुन्या तबकड्या ऐकणाऱ्याला वेगळं सांगायला नको. बारा इंचीत चार मिनिटांच्या वर जाता येतं, पण ती तबकडी महाग, आणि अमेरिकेत तेव्हा ती बहुतेक पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतासाठी राखलेली. नवख्या, खिसा रिकामा असलेल्या माणसाने ती निवडली, कारण लुइसचा ब्लूज तीन मिनिटांत फुलत नाही हे त्याला ऐकू आलं होतं. वादकाला वेळ मिळाला पाहिजे, मग त्याची किंमत आपण मोजू, हा लायनचा स्वभाव पहिल्या दिवसापासून दिसतो. पुढचं सगळं त्यातूनच आलं असं माझं मत आहे.

त्याच वर्षी ८ जूनला सॅक्सोफोनवादक सिडनी बेशेने ‘समरटाइम’ वाजवलं. ती तबकडी बरी खपली आणि कंपनी तगली. वर्षअखेरीला लायनचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ नाझींच्या जर्मनीतून निसटून न्यूयॉर्कला पोचला. तो पेशाने छायाचित्रकार. मग लायन सैन्यात गेला, वादकांच्या संघटनेने ऑगस्ट १९४२पासून रेकॉर्डिंगवर बहिष्कार घातला, आणि १९४३च्या अखेरीला काम पुन्हा सुरू झालं. ती वर्षं मी पटकन ओलांडतो.

थांबायचं १५ ऑक्टोबर १९४७ला. सॅक्सोफोनवादक आयक क्वेबेक हा लायनचा सल्लागार. त्याने लायनला थेलोनियस मंककडे नेलं. मंकने नुकतीच तिशी गाठली होती, आणि स्वतःच्या नावावर त्याची एकही तबकडी नव्हती. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर रेडिओच्या स्टुडिओत त्या दिवशी पहिलं सत्र झालं, नऊ दिवसांनी दुसरं, नोव्हेंबरमध्ये तिसरं. या तबकड्या खपल्या नाहीत. दुकानदार घ्यायला तयार नव्हते, बऱ्याच समीक्षकांना तो पियानो चुकीचा वाटत होता. लायनची तेव्हाची पत्नी लॉरेन दुकानोदुकानी हिंडून मंकचं नाव पटवत राहिली. तरीही लायनने १९५२पर्यंत त्याला पुन्हा पुन्हा बोलावलं. आज मंकच्या ज्या रचना जगभर वाजतात, त्यांतल्या कितीतरी पहिल्यांदा टिपल्या गेल्या त्या याच तोट्यातल्या दिवसांत.

पियानोवादक बड पॉवेलचं १ मे १९५१चं सत्र मुद्दाम ऐका. ‘उन पोको लोको’ ही एकच रचना तो तीनदा वाजवतो, आणि लायनने पुढे तिन्ही टेक प्रकाशित केले. पहिल्यात चाचपडणं आहे, तिसऱ्यात घट्ट पकड. एखादा बुवा बंद दारामागे रियाज करतोय आणि आपण उंबऱ्याबाहेर उभे आहोत असं वाटतं. बाजारासाठी एकच टेक पुरला असता.

आता घराची गोष्ट. १९५३च्या सुमारास गिल मेले नावाच्या सॅक्सोफोनवादकाचं एक तयार रेकॉर्डिंग लायनने विकत घेतलं. ते घेऊन तो डब्ल्यूओआरचा ध्वनिमुद्रक डग हॉकिन्सकडे गेला आणि मला असाच आवाज हवा म्हणाला. हॉकिन्सने सरळ सांगितलं की हे मला जमणार नाही, ज्याने केलंय त्याच्याकडेच जा. तो माणूस म्हणजे रूडी व्हॅन गेल्डर. दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर देणारा, आणि उरलेल्या वेळात हॅकेन्सॅकला आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करणारा. घर बांधतानाच बैठकीच्या खोलीशेजारी यंत्रांची खोली काढलेली, मध्ये काचेची खिडकी. बैठकीच्या खोलीत स्टाइनवे पियानो. तुमच्या रेकॉर्डच्या पट्टीतली तीन अक्षरं याच माणसाची. तो नुसता टेप करून थांबत नसे, मूळ तबकडीही स्वतः कोरायचा, आणि झाल्यावर आपली आद्याक्षरं घालायचा. ती कधी हाताने कोरलेली असतात, कधी ठशाने उमटवलेली.

व्हॅन गेल्डर यंत्रांना हातमोजे घालून हात लावायचा, आणि वादकांना माइकला हात लावू द्यायचा नाही. कोणता माइक कुठे आणि किती अंतरावर, हे तो कुणाला सांगत नसे. जर्मनीच्या नॉयमान कंपनीचे कंडेन्सर माइक अमेरिकेत अगदी सुरुवातीला वापरणाऱ्यांपैकी तो एक. हे माइक खूप बारीक ऐकतात. त्याने ते ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या जवळ नेले, त्यामुळे फुंकणाऱ्याचा श्वास, ओठ सुटण्याचा आवाज, झांजेवर काठी टेकते तो क्षण आपल्यापर्यंत पोचतो. पियानो मात्र माझ्या कानाला त्याच्या रेकॉर्डवर जरा कोंडलेला वाटतो, जाड पडद्यामागून आल्यासारखा. आमच्या धंद्यात यावर अजून वाद होतात. माझं म्हणणं असं की त्याने पियानो थोडा मागे ठेवून फुंकवाद्यांना पुढची जागा दिली, आणि ब्लू नोटच्या बहुतेक संगीताला ते साजेसं होतं. निव्वळ पियानोच्या रेकॉर्डवर तो तोटा जाणवतो.

पण खोली आणि माइक एवढ्यावर ब्लू नोटचा आवाज झाला असता, तर प्रेस्टिज या दुसऱ्या जॅझ कंपनीच्या रेकॉर्डही तशाच वाटल्या असत्या. त्यांचंही काम याच दिवाणखान्यात, याच माणसाकडे व्हायचं. फरक तालमीचा. प्रेस्टिजकडे वादक आले, ओळखीच्या चाली निवडल्या आणि वाजवून गेले. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने १९५६ साली तिथे दोन दिवसांत चार एलपींपुरता मजकूर वाजवला, आणि तो थोरच आहे. पण ती रोज रात्री एकत्र वाजवणारी तयार मंडळी होती. लायन वादकांना सत्राआधी तालमीचे पैसे देत असे, बहुधा दोन दिवसांचे. त्यामुळे वादक नव्या, अवघड, कित्येकदा आदल्या आठवड्यात लिहिलेल्या रचना घेऊन येऊ शकत. सत्राच्या दिवशी खाण्यापिण्याची व्यवस्था लायन आणि वुल्फच बघायचे. वुल्फ कॅमेरा घेऊन कोपऱ्यात. १९५६पासून रीड माइल्स त्या फोटोंना कात्री लावून कव्हरं करू लागला. आपले फोटो असे कापले जातात म्हणून वुल्फ चिडायचा, पण त्यातूनच कव्हरं अशी झाली की आजही लांबून ओळखू येतात.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने ब्लू नोटसाठी पुढारी म्हणून एकच एलपी केली, १५ सप्टेंबर १९५७ला. तिच्यात ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन या तिघांच्या एकत्र ओळी कशा एकमेकांत बसल्यात ते ऐका. पूर्वतयारीशिवाय ते होत नाही.

आता तुमची रेकॉर्ड. ३० ऑक्टोबर १९५८. ड्रमवर ब्लेकी, ट्रम्पेटवर लीड धरणारा ली मॉर्गन, वय अवघं वीस. टेनर सॅक्सोफोन बेनी गोल्सन, पियानो बॉबी टिमन्स, बास जिमी मेरिट. पहिली चीज ‘मोनिन’. टिमन्स दोन गाण्यांच्या मध्ये गंमत म्हणून एक तुकडा वाजवायचा, त्यात चर्चमधल्या प्रार्थनेचा रंग होता. गोल्सनने त्याला बसवून मधला भाग रचायला लावला आणि तुकड्याची रचना झाली. पियानो एक ओळ म्हणतो, सगळे मिळून दोन स्वरांत ‘आमेन’ म्हणावं तसं उत्तर देतात. भजनात बुवांनी ओळ सोडावी आणि टाळकऱ्यांनी उचलावी, तसंच. त्या दिवसाच्या टेपवर सुरुवातीची जुळवाजुळव आणि मॉर्गन व व्हॅन गेल्डर यांचं थोडं बोलणंही राहिलं होतं, ते पुढे सीडीवर आलं. मिळालं तर नक्की ऐका. खोली किती लहान आहे ते त्यात सगळ्यात चांगलं कळतं.

ही तारीख आमच्या धंद्यासाठी आणखी एका कारणाने मोलाची. १९५७च्या वसंतापासून व्हॅन गेल्डर दोन यंत्रं एकाच वेळी चालवायचा, एक मोनो आणि एक स्टिरिओ. याच ३० ऑक्टोबर १९५८च्या सत्रापासून मोनोची वेगळी टेप बंद झाली. पुढे दोन ट्रॅकची स्टिरिओ टेपच मूळ, आणि मोनो प्रत तिचे दोन्ही ट्रॅक एकत्र करून काढलेली. तेव्हा ‘मोनो म्हणजेच अस्सल’ असं विक्रेते तुम्हाला सांगतील, ते या तारखेनंतर तांत्रिकदृष्ट्या खरं नाही. पण दुसरी बाजूही आहे. हॅकेन्सॅकच्या यंत्रखोलीत स्पीकर एकच होता. वाद्यांचा तोल लायन आणि व्हॅन गेल्डर त्या एका स्पीकरवरच ठरवायचे. म्हणून या काळातल्या कित्येक स्टिरिओ प्रतींत एक वाद्य पार डावीकडे, दुसरं पार उजवीकडे आणि मध्ये पोकळी असं वाटतं, आणि मोनोत सगळं एकजीव होतं. तुमची बीएलपी म्हणजे मोनो आहे. स्टिरिओवर बीएसटी असतं. तुमच्या प्रतीबद्दल मला आनंदच आहे.

जुलै १९५९मध्ये व्हॅन गेल्डरने चष्म्याचा व्यवसाय सोडला आणि एंगलवुड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ उभारला. लाकडी कमानींचं, सुमारे ३९ फूट उंचीचं छत. इथून पुढे रेकॉर्डवर हवा येते, आवाज खोलीत फिरून परत येतो. हॅकेन्सॅकचा कोरडा, छातीशी आल्यासारखा आवाज आणि हा, दोन्ही लागोपाठ ऐकले तर फरक कुणालाही कळेल.

आता तिसरा प्रश्न. लायन विकायची क्षमता बघून रेकॉर्ड करत नव्हता. एखादा वादक भरात आहे असं वाटलं की तो स्टुडिओ घ्यायचा. सत्रं साठत गेली. बाजारात दर महिन्याला मोजक्याच एलपी सोडता येतात. त्यात एकाच वादकाच्या तीन टेप रांगेत असल्या की नवी पुढे जायची आणि जुनी कपाटात. काही वेळा लायनला एखाद्या टेकमधली बारीकशी चूक खुपायची आणि सबंध सत्र मागे पडायचं.

सगळ्यात चटका लावणारं उदाहरण टीना ब्रुक्सचं. टेनर सॅक्सोफोन वाजवणारा पुरुष. लहानपणी चणीने बारका म्हणून ‘टीनी’, त्याचं टीना झालं. १९ जून १९६०ला तरुण ट्रम्पेटवादक फ्रेडी हबर्डची पहिली एलपी झाली, तिच्यात ब्रुक्स साथीला. सहाच दिवसांनी, २५ जूनला, ब्रुक्सची स्वतःची एलपी झाली, तिच्यात हबर्ड साथीला. नंबरही शेजारी शेजारी, ४०४० आणि ४०४१. हबर्ड पुढे जगप्रसिद्ध झाला. ब्रुक्सने १९५८ ते १९६१ या काळात पुढारी म्हणून चार एलपींपुरतं संगीत वाजवलं, त्यातली हयातीत बाहेर आली ती हीच एक. आणखी एकीला ४०५२ हा नंबर मिळाला होता, कव्हर तयार होतं, पण रेकॉर्ड निघाली नाही. १९७४ साली ब्रुक्स गेला. उरलेलं संगीत १९८० नंतर लोकांनी ऐकलं, आणि चारही सत्रं एका पेटीत यायला १९८५ साल उजाडलं. नंबरांच्या क्रमाने ब्लू नोट ऐकणाऱ्याला वाटेल की हा माणूस एकदा चमकून गेला. तारखांच्या क्रमाने ऐकाल तर तीन वर्षांत त्याची लेखणी आणि फुंक दोन्ही कशी वाढली ते समोर दिसतं.

टेप कपाटात राहण्याला १९६४ नंतर आणखी एक कारण झालं. ली मॉर्गनची २१ डिसेंबर १९६३ला केलेली ‘द साइडवाइंडर’ अनपेक्षितपणे तुफान खपली. छोट्या कंपनीला असं यश झेपत नाही. वितरक पुढचा माल मागतात, तोही तसाच. मागच्या मालाचे पैसे मात्र सावकाश देतात. त्यानंतरच्या कितीतरी एलपींचा पहिला ट्रॅक त्याच ठेक्यावर आहे, ते या दबावामुळे. तरी त्याच १९६४ साली २५ फेब्रुवारीला एरिक डॉल्फीचं आणि २१ मार्चला अँड्र्यू हिलचं अत्यंत धाडसी सत्र लायनने केलं, ते मी विसरू शकत नाही. डॉल्फी त्यानंतर चार महिन्यांत, जूनच्या अखेरीला, बर्लिनमध्ये वारला.

लायन थकला होता. १९६५-६६च्या सुमारास कंपनी लिबर्टी या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेली, १९६७मध्ये तो निवृत्त झाला, आणि १९७१ साली वुल्फ गेला. टेप एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहिल्या. मायकल कस्कूना हा तरुण निर्माता वर्षानुवर्षं वादकांना विचारून वहीत टिपत होता: तुम्ही ब्लू नोटसाठी वाजवलेलं काय काय बाहेर आलंच नाही? १९७५ साली कंपनीतल्या चार्ली लोरीमुळे त्याला टेपच्या गोदामात प्रवेश मिळाला. मग एकेक रीळ लावून, वाद्यं ओळखून, वादकांना फोन करून रचनांची नावं पक्की करत त्याने ते संगीत बाहेर काढलं. पुढे या दोघांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मोझेक नावाची कंपनी काढली. ब्रुक्सची पेटी त्यांचीच. तुम्हाला दिसलेलं १९८० नंतरचं साल इथून आलं.

राहिली तिसरी तारीख, तुमच्या प्रतीची. कानासारखी खूण म्हणजे वळणदार इंग्रजी ‘पी’, न्यू जर्सीच्या प्लास्टीलाइट कारखान्याची. लिबर्टीने कंपनी घेतल्यावर १९६६मध्ये तिथली छपाई थांबली. म्हणजे प्रत त्याआधीची, एवढं नक्की. पत्त्यावरून आणखी थोडं कळतं. १९५७पर्यंत लेबलवर ७६७ लेक्सिंग्टन अव्हेन्यू, मग ४७ वेस्ट ६३. त्यातही कधी नुसतं ‘एनवायसी’, कधी ‘न्यूयॉर्क २३’, आणि १९६२च्या आसपासपासून रस्त्याचं नाव जाऊन ‘न्यूयॉर्क, यूएसए’. पण कारखाना जुनी लेबलं संपेपर्यंत वापरायचा, त्यामुळे एकाच तबकडीच्या दोन बाजूंना दोन पत्ते निघतात. एका बाजूवरून निकाल लावू नका.

वाजवण्याआधी डिस्टिल्ड पाण्याने आणि मऊ कापडाने खाचांच्या दिशेने हलके पुसा. मामांच्या पेटीत लाखेच्या ७८च्या तबकड्या असतील तर त्यांना स्पिरिट अजिबात लावू नका, लाख विरघळते. एलपीसाठी सुई चांगली हवी. सूटकेसमधले स्वस्त प्लेअर टाळा, त्यांच्या जड हाताने या खाचांचं कायमचं नुकसान होतं. मग टेबललॅम्प तिरपा धरून दोन्ही बाजूंची पट्टी आणि लेबल पुन्हा पाहा. ६३च्या पुढे ‘एनवायसी’ आहे की ‘न्यूयॉर्क २३’, आणि कान दोन्हीकडे आहे का, एवढं कळवा. त्यावरून तुमची प्रत पहिल्या खेपेची की नंतरची, ते बऱ्याच खात्रीने सांगता येईल.